डोरीनचं स्वतःचं पिस्तूल

एमिल सेबॉल गेला आणि त्याची बायको डोरीन रडायच्या ऐवजी चिडली.

वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत मी तिच्याबरोबर वीसेक वर्षं चादरी धुतल्या आहेत. तिचा राग मी आधी पाहिला नव्हता असं नाही. पण तो दुधासारखा उतू जायचा आणि आच कमी केली की खाली बसायचा. हा राग वेगळा होता. ड्रायरचं दार ती अशी आपटायची की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या दचकून उठायच्या. शेवटी सुपरवायझर खाली आली आणि गोड आवाजात म्हणाली, "डोरीन, तुझं दुःख समजतं मला."

"दुःख नाहीये," डोरीन म्हणाली. "माझं पिस्तूल चोरलंय."

सुपरवायझर जशी आली तशी गेली.

चोरलं होतं रूडीने, म्हणजे एमिलच्या धाकट्या भावाने. रूडी खडीचा ट्रक चालवतो. बर्फ पडला की शेजारणींच्या दारातला बर्फ फुकट काढून देतो, मोठ्याने हसतो, चर्चच्या शुक्रवारच्या मासे-जेवणात तळणीवर तोच उभा असतो. आमच्या लॉरेल फोर्क गावात त्याला वाईट म्हणणारा माणूस शोधावा लागेल. एमिलला पुरून आम्ही सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसलो होतो, बायका कोबी-शेवयांची पातेली फिरवत होत्या, तेव्हा तो डोरीनजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, कुत्र्याला बाहेर सोडून येतो मी. तू बस." डोरीनला भरून आलं. तिने किल्ली दिली.

त्याने कुत्र्याला बाहेर सोडलं, हे खरं. मग फ्रिजवरच्या डब्यातून बंदुकांच्या कपाटाची किल्ली काढली आणि हरणाची रायफल, शॉटगन आणि पिस्तूल, तिन्ही ट्रकमध्ये घातली. पिस्तुलाची लाकडी पेटीसुद्धा सोडली नाही. मग परत येऊन त्याने डोरीनच्या हातात किल्ली ठेवली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

संध्याकाळी कपाट रिकामं पाहून डोरीनला वाटलं, चोर आले. तिने पहिला फोन कुणाला केला असेल? रूडीलाच.

"अगं, मीच नेल्या," तो म्हणाला. "एकट्या बाईच्या घरात बंदुका कशाला? एमिलने सांगितलं होतं मला."

"कधी सांगितलं?"

"सांगितलं होतं एकदा."

ते 'एकदा' डोरीनच्या डोक्यात खिळ्यासारखं रुतून बसलं. चादरीच्या घड्या घालताना ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "एकदा! एकदा म्हणे!"

रायफल आणि शॉटगनचं तिला काही नव्हतं. तिने आयुष्यात हरीण मारलं नव्हतं. पिस्तुलाची गोष्ट निराळी होती. काच कारखाना बंद पडला आणि एमिल घरी बसला, त्या काळातलं ते. बोटीचं इंजीन विकून त्याने ते जुनं घेतलं होतं. पॉइंट टू-टूचं, रिमफायर. म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या काठावर टोला बसून उडणारं. ही काडतुसं करंगळीच्या पेराएवढी, सगळ्यांत स्वस्त, हाताला धक्का जवळजवळ नाही. सिनेमाला जायची ऐपत नव्हती तेव्हा या दोघांना रविवारची दुपार घालवायला एक खोकं पुरायचं. डोरीन आधी नुसती कॉफीचा थर्मास घेऊन नेमबाजी क्लबच्या रेंजवर जायची. एक दिवस एमिलने तिच्या हातात पिस्तूल दिलं. त्यानंतर थर्मास बाकावर राहिला आणि दोघं आळीपाळीने मारू लागले. ते पुढे कधी थांबलंच नाही.

बुधवारी क्लबात हिवाळी स्पर्धा असते. ती एमिलची. बायकांना बंदी नव्हती, पण कुणी बाई जात नव्हती. नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची सोयही नव्हती. डोरीनचे रविवार. रेंज रिकामी, ती दोघंच.

शेवटच्या उन्हाळ्यात एमिलची फुप्फुसं गेली. हात वर उचलायचा तर धाप लागायची. मग तो घडीच्या खुर्चीत बसून तिपाईवरच्या दुर्बिणीतून निशाणाच्या कागदाकडे बघायचा आणि डोरीन मारायची. गोळी लागली की तो घड्याळाच्या भाषेत सांगायचा, "चार वाजले. जरा बाहेर." पुढची गोळी. "आता बरोबर. कोण शिकवतंय गं तुला?" मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसं एकमेकांशी इतकं कमी बोलून इतकी खूश असलेली मी दुसरी पाहिली नाहीत.

तर ते पिस्तूल डोरीनने रूडीकडे परत मागितलं. फोनवर मागितलं, चर्चच्या पायऱ्यांवर मागितलं. रूडी म्हणाला, "ब्रेंटला दिलं गं. काकाची आठवण म्हणून." ब्रेंट त्याचा मुलगा. ओहायोत गोदामात नोकरीला, नाताळला तोंड दाखवणारा.

"पुतण्याच्या हातातून काय हिसकावून घेऊ?" डोरीन मला म्हणाली आणि गरम पाण्याचा नळ इतक्या जोरात पिरगाळला की त्याची चकती तिच्या हातात आली. "नॅन, शनिवारी गाडी काढ. मी माझं घेते."

वॉल्टचं बंदुकांचं दुकान हायवेच्या कडेला आहे, पूर्वी तिथे गुरांचं खाद्य मिळायचं. हरणाच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला, सगळा गाव तिथे. काउंटरवर वॉल्टचा जावई ड्वेन होता. चाळिशीचा, बोलायला कधी कमी न पडणारा.

"बोला मावशी, काय देऊ?"

"मी तुझी मावशी कधी झाले?" डोरीन म्हणाली. "पिस्तूल बघायचंय."

"घरी एकट्याच असता का?" ड्वेनने लगेच एक तळहाताएवढं पिस्तूल काढून रबरी चटईवर ठेवलं. मूठ गुलाबी होती. "हे बघा. पर्समध्ये मावतं. वर लाल दिव्याचा ठिपका पडतो, नेम धरायलाच नको. चोर आला की..."

"चोर येऊन गेला. नात्यातला होता."

ड्वेन हसला. मग डोरीन हसत नाही हे बघून त्याने ते आत ठेवलं आणि मोठं काळं नाइन एमएमचं काढलं. "मग हे घ्या. एकच घ्यावं माणसाने, सगळ्याला चालेल असं."

"मला कागदावर मारायचंय."

"कागदावर?"

"कागदावर. पन्नास फुटांवर, एका हाताने. माझ्या पर्समध्ये चष्मा आणि जपमाळ असते, तिसऱ्या वस्तूला जागा नाही. आणि याच्या एका खोक्याच्या पैशात मी महिनाभर टू-टू उडवीन. टू-टू आहे की नाही तुझ्याकडे? नसेल तर तसं सांग."

मागच्या खोलीतून वॉल्ट आला. जाड, गुडघ्याने अधू, हसणं त्याला माहीत नाही. ड्वेनला त्याने खांद्याने बाजूला सारलं. "एमिलच्या बायकोला गुलाबी दाखवतोस?" एवढंच बोलला आणि कपाटातून तीन पिस्तुलं काढून ओळीने मांडली.

पहिलं रिव्हॉल्व्हर. देखणं, फिरत्या चक्राचं. डोरीनने ते उचललं, भिंतीकडे नळी करून पाहिलं. "चाप फार जड."

"दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग हलका होतो."

"आणि दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात तेव्हा? अंगठा ओढत बसू?"

"मग नको घेऊस," वॉल्ट म्हणाला.

दुसरं प्लास्टिकच्या अंगाचं, नवीन, तिघांत स्वस्त. डोरीनने हात लांब केला आणि मला म्हणाली, "बघ, काडेपेटी धरल्यासारखं वाटतंय." नळीच्या टोकावरची माशी, जी निशाणावर धरायची, ती पालीच्या शेपटीसारखी वळवळत होती. हे मलासुद्धा दिसलं.

तिसरं जुनं, पोलादी, जड नळीचं. आधीच्या मालकाच्या बोटांनी मुठीजवळचा काळा रंग घासून गेला होता. मागची माशी स्क्रूने वरखाली करता येत होती.

"याचं वाईट आधी सांगतो," वॉल्ट म्हणाला. "साफ करायला उघडलंस तर परत जोडताना मला शिव्या देशील. आणि गोळ्यांच्या बाबतीत नखरे आहेत. काही खातं, काही थुंकतं. दोन-चार तऱ्हा करून बघाव्या लागतील." डोरीनचं बोट चापाकडे गेलं तसा तो खेकसला, "रिकामं ओढू नकोस! जुनं रिमफायर आहे, सुई नळीच्या काठावर आदळते. उडालेल्या काडतुसाची पुंगळी घाल आत, मग ओढ किती ओढायचंय ते."

"माहितीये मला," डोरीन म्हणाली. माहीत होतंच तिला. पण त्या दिवसांत तिला कुणी साधं 'थंडी आहे' म्हटलं तरी अंगावर आल्यासारखं वाटायचं.

दुकानाच्या मागे एक अरुंद रेंज आहे. तिथे डोरीनने तिन्ही पिस्तुलं चालवली. मी मागे कानांवर मफ लावून उभी. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या काळ्या वर्तुळाच्या खाली डावीकडे गेल्या. "चाप जड, म्हटलं ना!" प्लास्टिकवाल्याच्या खाली डावीकडे. "खेळणं आहे हे!" पोलादीच्याही खाली डावीकडे. "याची माशी वाकडी आहे!"

वॉल्टने तिन्ही कागद एकावर एक धरले. "पिस्तुलं तीन आणि भोकं एकाच जागी. माशी कशी वाकडी असेल? तू चाप ओढत नाहीयेस, कुणाचातरी गळा दाबतेयस."

"कुणाचा ते विचार!"

"ते तुझं तू बघ." वॉल्ट कागदांची गुंडाळी करत होता. मग सहज बोलावं तसं म्हणाला, "पण एमिलचं विकायला नको होतंस. तुझ्या हातात बसलेलं होतं ते."

"मी विकलं?"

वॉल्टने वर पाहिलं. बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "जत्रेच्या मैदानातल्या बंदुकांच्या बाजारात होतं. ओहायोच्या एका व्यापाऱ्याच्या टेबलावर, पेटीसकट. झाकणावर एमिलने डागून काढलेली अक्षरं होती. मी विचारलं, तर म्हणाला, एका ट्रकवाल्याने दिलं, रायफलवर बसवायच्या दुर्बिणीच्या बदल्यात. मला वाटलं, तूच रूडीला सांगितलं असशील."

"कुठे आहे तो व्यापारी?"

"मी संध्याकाळी परत गेलो होतो त्याच्याकडे. तोवर खपलं होतं."

डोरीन फळीकडे वळली. हातातल्या पिस्तुलाचं मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडून आत गोळी नाही हे पाहिलं, नळी पुढे करून ते फळीवर ठेवलं. सगळं हळू, शिकवल्याप्रमाणे. मग रिकाम्या पुंगळ्यांनी भरलेल्या बादलीला अशी लाथ घातली की पितळी पुंगळ्या दुकानाच्या पुढच्या दारापर्यंत घरंगळत गेल्या. ड्वेन गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागला. आम्ही त्याला ओलांडून बाहेर पडलो.

"रूडीकडे," ती गाडीत बसत म्हणाली.

"डोरीन, आधी घरी जाऊ, चहा..."

"नॅन, तू नेत नसशील तर मी चालत जाते."

रूडीच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आदल्या आठवड्यात धनुष्यबाणाने मारलेलं हरीण आढ्याला टांगलेलं होतं आणि तो सुरीने त्याची मांडी सोडवत होता. त्याची बायको कॉलीन टेबलापाशी मांसाचे तुकडे पांढऱ्या कागदात गुंडाळत होती. एमिलची रायफल भिंतीवर होती. तिच्यावर एक नवीन, जाडजूड, चकचकीत दुर्बीण.

"या या!" रूडी म्हणाला. "वहिनी, पाठीचं मांस काढून ठेवलंय तुझ्यासाठी."

डोरीनने भिंतीकडे बोट केलं. "हेच का ब्रेंट?"

"काय?"

"तू म्हणालास ब्रेंटला दिलं. काकाची आठवण. मी विचारतेय, हेच का ते?"

रूडीने सुरी पुसायला घेतली. बराच वेळ पुसली. "हे बघ, ब्रेंटला त्यात रस नव्हता. पडून राहिलं असतं. त्यापेक्षा एमिलच्या रायफलीवर चांगली दुर्बीण बसली. घरातच राहिलं की नाही सगळं?"

"कुणाच्या घरात?"

कॉलीनचे हात थांबले होते. "तू मला सांगितलंस वहिनीनेच दिलं," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तिला आभाराचं कार्ड पाठवणार होते. तू म्हणालास, नको, तिला वाईट वाटेल."

"तू मध्ये पडू नकोस गं."

"माझा नवरा नुकता खड्ड्यात उतरला होता," डोरीन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुला मी घराची किल्ली दिली. कुत्र्यासाठी. आणि तू माझ्या घरात चोरी करून परत येऊन माझ्या ताटात जेवलास. वर पोराला खोट्यात ओढलंस. पोर बिचारं तिकडे गोदामात खोकी उचलतंय, त्याला माहितीसुद्धा नसेल!"

"चोरी काय? चोरी काय म्हणतेस?" रूडीचा चेहरा लाल झाला. "भावाची वस्तू होती. आणि तुला काय करायचंय पिस्तूल? रविवारी दोन-चार फटाके उडवायचीस नवऱ्याच्या कौतुकाला, ते नेमबाजी म्हणायचं का? क्लबात ये ना बुधवारी. सगळ्यांसमोर. बघू तरी."

"येते," डोरीन म्हणाली.

रूडी हसला. मी खरं सांगते, त्याच्या हातात सुरी होती आणि डोरीनच्या हातात काहीच नव्हतं, तरी मला रूडीचीच काळजी वाटली. पण ती वळली आणि चालत गाडीत येऊन बसली. मांस तिने घेतलं नाही.

शेरिफला फोन कर, असं मी तिला सांगितलं. नवऱ्याची वस्तू बायकोची, हे कुणीही सांगेल. ती म्हणाली, "शेरिफ पिस्तूल आणून देणार आहे का? ते गेलं कुठल्या कुठे. मग रूडीला दंड होईल, आणि गाव मला म्हणेल, बघा, मेलेल्या नवऱ्याच्या भावाला कोर्टात खेचलं. त्याचं बर्फ काढणं सगळ्यांना दिसतं." हे मात्र खरं होतं. त्या आठवड्यात चर्चमध्ये दोघीजणींनी तिला समजावलंच होतं, जाऊ दे गं, एका पिस्तुलापायी नाती तोडू नयेत. नाती रूडीने तोडली होती, पण समजवायला सगळे डोरीनकडे येत होते. त्या बायकांना मी जे बोलले ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिने तिसरं, पोलादी पिस्तूल घेतलं. वॉल्टने पोलिसांकडे फोन लावून तिचं नाव तपासून घेतलं, तेवढ्यात विचारलं, "हेच का ठरवलंस शेवटी?"

"जड आहे. हलकं असतं तर फेकून मारलं असतं कुणालातरी."

वॉल्टचा ओठ एका बाजूला हलला. त्याने तिला चार तऱ्हांच्या गोळ्यांचं एकेक खोकं दिलं. सगळ्यांत स्वस्त गोळी त्या पिस्तुलात दर मॅगझिनला अडकली, सगळ्यांत महागडी काही जास्त चांगली गेली नाही. खालून दुसऱ्या किमतीची त्याला मानवली. डोरीनने लाँड्रीत दोन जादा पाळ्या केल्या आणि हिवाळाभर पुरतील एवढ्या घेऊन ठेवल्या.

जानेवारीतला पहिला बुधवार. क्लबात लोखंडी शेगडी पेटलेली, माणसं आपापल्या पेट्या उघडत होती. डोरीन आत शिरली तसा एकजण ओरडला, "अरे, डोरीन! कॉफी आणलीस का?"

"नाही. पिस्तूल आणलंय."

मग कुणीतरी खुर्ची सरकवली, अध्यक्षाने घसा साफ करून तिचं नाव घातलं. वाईट कुणी वागलं नाही. सगळे अतिशय सभ्यपणे वागले, पाहुणीशी वागतात तसे. रूडी दोन जागा सोडून उभा होता.

ती वाईट खेळली. फारच वाईट. सावकाश मारायच्या दहा गोळ्या कशाबशा कागदावर गेल्या. दहा सेकंदांत पाच मारायची वेळ आली तेव्हा दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. कागद ओढून जवळ आणले तेव्हा रूडी मान लांब करून म्हणाला, "वहिनी, भिंतीच्या दुरुस्तीचं क्लबाला द्यावं लागेल हां!" सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.

परत येताना तिच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली तरी ती उतरेना.

"सोडून दे," मी म्हटलं. "गेलीस, उभी राहिलीस, पुष्कळ झालं."

"तुला वाटतं मी रूडीवर चिडलेय?" ती एकदम म्हणाली. "रूडी गाढव आहे. गाढवावर किती दिवस चिडणार? मी एमिलवर चिडलेय. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहून मारलं. कधी कधी त्याच्यापेक्षा चांगलं मारलं, हे तोच म्हणायचा. घरी. क्लबात एकदा तरी बोलला? एकदा? आजारी पडला, रूडी रोज येऊन बसायचा, तेव्हा त्याला एवढं म्हणता आलं नाही, 'पिस्तूल डोरीनचं आहे'? किती शब्द आहेत गं ते? मी कॉफी आणणारी बाई होते त्या लोकांसाठी, आणि त्याने मला तशीच राहू दिलं. आणि आता मेला! आता कुणाशी भांडू?"

तिने हातमोजे डॅशबोर्डवर आपटले, एकदा, दोनदा. मग त्यांत तोंड घातलं. एमिल गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली ती माझ्या गाडीत, आणि तेही रागाने. मी इंजीन चालू ठेवलं, म्हणजे हीटर चालू राहील.

रविवारी ती मला घेऊन कबरस्तानात गेली. मी गाडीपाशीच थांबले. बर्फात उभी राहून ती एमिलला काय काय बोलली ते वाऱ्याने तुटक तुटक ऐकू येत होतं. त्यातले काही शब्द ती वापरते हे मला माहीत नव्हतं. परत आली तेव्हा गाल लाल झालेले. "रेंजवर चल," म्हणाली.

राग गेला आणि नेम सुधारला, असं काही झालं नाही. राग होताच. पण तो कुणावर किती आहे, हे तिला आता कळलं होतं, आणि हात चापावर असेपर्यंत तो बाजूला ठेवायची तिने सवय लावून घेतली. स्वयंपाकघरात आत पुंगळी घालून ती रोज रिकामं पिस्तूल भिंतीवरच्या ठिपक्यावर धरायची, भांडी घासून झाली की. कधी चांगला बुधवार गेला, कधी परत खाली डावीकडे. फेब्रुवारी संपेपर्यंत तिचं नाव यादीच्या मध्यावर आलं. एका बुधवारी ते रूडीच्या वर होतं. रूडीने कागद परत मोजायला लावले. अध्यक्षाने परत मोजले, आणि ते तसेच भरले. रूडी म्हणाला, उजेड बरोबर नाही. पुढच्या बुधवारी त्याच्या ट्रकचं काम निघालं, त्याच्या पुढच्या बुधवारी पाठ दुखत होती, आणि मग तो यायचाच बंद झाला. डोरीनला त्याचा आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पळाला. समोर उभा राहून हरायचीसुद्धा दानत नाही."

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही रेंजवर होतो तेव्हा कॉलीनची गाडी आली. ती उतरली, हात कोटाच्या खिशात.

"त्याने पाठवलं का तुला?" डोरीनने तिथूनच विचारलं.

"नाही. त्याला माहीत नाही." कॉलीन जवळ आली. "ती दुर्बीण मी विकायला काढली होती. त्याने रायफलीसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं."

"माझ्यासाठी विकू नकोस काही."

"तुझ्यासाठी नाही. तो माझ्याशी खोटं बोलला. माझ्या तोंडावर. मी त्या गॅरेजमध्ये मांस गुंडाळत होते आणि मला वाटत होतं, काय मोठ्या मनाची बाई आहे डोरीन." तिने खिशातून हात काढून पिस्तुलाकडे बोट केलं. "मला शिकव हे."

"मी शाळा काढलेली नाही."

"मग मी बघत उभी राहते."

डोरीनने पाच गोळ्या मारल्या. कॉलीन थंडीत उभीच. डोरीनने आणखी पाच मारल्या. मग स्वतःचे कानांवरचे मफ काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "बोट चापावर ठेवायचं नाही, मी सांगेपर्यंत. पाय असे. घाई केलीस तर घरी पाठवीन." मला वाटतं, त्या वर्षी तिने कुणाला दिलेलं ते पहिलंच काही असेल.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवणाच्या टोपल्या चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यांच्यावर पाणी शिंपडतो. अंगण माणसांनी भरलेलं होतं. गोड पाव, हॅम, बीट घातलेला मुळ्याचा ठेचा, लोण्याची कोकरं. डोरीनची आणि माझी टोपली शेजारी शेजारी होती. शिंपडून झालं आणि माणसं एकमेकांना भेटायला लागली, तेव्हा रूडी गर्दीतून आला. नवा शर्ट, हातात टोपी. दहाजण बघत होते, आणि ते बघतायत हे त्याला बरोबर माहीत होतं.

"वहिनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सण आहे. झालं ते झालं."

त्याने हात पुढे केला. बायका आधीच हसऱ्या चेहऱ्याने बघायला लागल्या होत्या, आता मिटेल म्हणून.

डोरीनने त्या हाताकडे पाहिलं. "झालं नाही, रूडी," ती म्हणाली. "केलंस. तू केलंस. झालं म्हणू नकोस."

तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग टोपीकडे गेला. "मला काय म्हणायचं होतं..." असं काहीतरी तो पुटपुटला.

"तुला काय म्हणायचं होतं ते म्हणायला जमलं की ये. मी कुठे जात नाही."

पाद्री आमच्याकडे येत होता, तो अर्ध्यातूनच दुसरीकडे वळला. डोरीनने टोपलीवरचं कशिद्याचं फडकं नीट केलं आणि टोपली उचलली.

"चल नॅन," ती म्हणाली. "कॉलीन आपल्या गाडीत बसलीये, बिचारी गारठली असेल."